बाथरूमच्या भिंतीवरची बुरशी: खर्च घरमालकाचा की भाडेकरूचा?

पुण्यात जुलै लागला की भाड्याच्या फ्लॅटांमध्ये एक ठरलेला संवाद सुरू होतो. भाडेकरू बाथरूमच्या छताचा फोटो पाठवतो: काळे ठिपके, कोपऱ्यात फुगलेला रंग. घरमालकांचं उत्तर येतं, "आम्ही इतकी वर्षं तिथे राहिलो, आमच्या वेळी असं काही नव्हतं. खिडकी उघडी ठेवत जा." भाडेकरू म्हणतो, वरून गळतंय. मालक म्हणतात, तुम्ही ओले कपडे आत वाळत घालता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकतं, त्यामुळे हा वाद गणपतीपर्यंत रेंगाळतो आणि डिपॉझिट परत द्यायच्या दिवशी पुन्हा डोकं वर काढतो.

यात कायदा येतो, करार येतो, सोसायटीचे नियम येतात. पण त्या सगळ्याच्या आधी एकच गोष्ट शोधावी लागते: भिंतीत पाणी आलं कुठून? ते कळलं की खर्च कोणाचा हे बरंचसं आपोआप ठरतं. बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात आणि थेट पेंटरला फोन लावतात.

बुरशीला जगायला फारसं काही लागत नाही. तिचे बीजाणू हवेत कायमच असतात. साबणाचा थर, धूळ, रंगातला काही भाग हे तिचं खाणं, आणि तेही प्रत्येक बाथरूममध्ये मुबलक. अडतं ते फक्त ओलाव्यापाशी. भिजलेली भिंत एक-दोन दिवसांत वाळली तर बुरशी सहसा धरत नाही, ओली राहिली तर धरते. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी असते की वाईट बाथरूमही निभावून जातं. जून ते सप्टेंबर मात्र हवाच दमट, भिंत वाळणार कशी? त्यामुळे मे महिन्यात फ्लॅट दाखवणारे मालक खोटं बोलतात असं मानायचं कारण नाही, तेव्हा खरोखरच काही दिसत नसतं. अख्खं बाथरूम जुनं आणि एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल, तर मात्र दोन प्रश्न जास्त विचारावेत.

काळी दिसली म्हणजे विषारी, असा समज इंटरनेटमुळे पसरला आहे. नुसत्या रंगावरून बुरशीची जात ओळखता येत नाही. पण दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना कोणत्याही बुरशीचा त्रास होऊ शकतो. तान्ही मुलं, वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी तर त्या खोलीपासून लांबच राहावं. भिंतीवर पांढरा, कापसासारखा भुगा आला असेल तर ती बहुधा बुरशी नाही, लोणा आहे. पाण्याचा थेंब टाकून बघा: लोणा म्हणजे क्षार, तो विरघळतो. लोणा दिसणं ही भाडेकरूच्या बाजूची खूण आहे, कारण तो भिंतीच्या आतून पाणी बाहेर येत असेल तरच धरतो. अंघोळीच्या वाफेने लोणा येत नाही.

पाणी हवेतलं की भिंतीतलं?

हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. किचनमधल्या ॲल्युमिनियम फॉइलचा वहीच्या पानाएवढा तुकडा घ्या. डागाच्या शेजारी, जिथे रंग अजून शाबूत आहे अशी जागा कोरड्या फडक्याने पुसा आणि फॉइल चारही कडांनी रुंद चिकटपट्टी लावून बंद करा, कुठून हवा आत जाणार नाही असं. दोन दिवसांनी काढा. फॉइलची भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरची बाजू ओली आणि मागची कोरडी असेल तर खोलीतली वाफ गार भिंतीवर जमते आहे. दोन्ही बाजू ओल्या निघाल्या तर दोन्ही कारणं आहेत, आणि जुन्या इमारतींत तसंही पुष्कळदा निघतं. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

डागाचा आकारही बोलतो. वाफेची बुरशी छतभर बारीक ठिपक्यांनी पसरते, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात आणि दारामागे जास्त. गळतीचा डाग एका जागी गोल, कडेला पिवळट-तपकिरी रेघ असलेला, मधला रंग फुगून पोपडे आलेले. छतावरचा डाग सकाळी, म्हणजे वरच्यांच्या अंघोळीच्या वेळी वाढत असेल तर त्यांची ड्रेनेज लाइन किंवा नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जायची जाळी आणि तिच्या खालचा भाग) संशयित. दिवसरात्र सारखाच ओला राहत असेल तर भिंतीतली पाण्याची लाइन. पाऊस झाल्यावरच वाढत असेल तर बाहेरची भिंत किंवा डक्ट (पाइप आणि हवेसाठी इमारतीत सोडलेली उभी पोकळी). आणि बाथरूमच्या पलीकडे, बेडरूमच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल चढली असेल, तर वरच्या मजल्याला दोष देऊ नका. तुमच्याच बाथरूमच्या टाइलचे सांधे सुटलेत आणि खालचं वॉटरप्रूफिंग गेलं आहे.

वरच्यांचं बाथरूम तपासायची जुनी पद्धत अजूनही उत्तम: नहाणी ट्रॅपला बोळा लावायचा, फरशीवर इंचभर रंगीत पाणी साठवायचं, २४ तास ठेवायचं आणि खाली रंग उतरतो का ते बघायचं. वरचे लोक एक दिवस बाथरूम बंद ठेवायला तयार होणं हाच यातला अवघड भाग.

मग पैसे कोणी द्यायचे?

पाणी भिंतीतून येत असेल, मग ते लाइनमधून असो, ट्रॅपमधून किंवा टाइलखालून, तर दुरुस्ती मालकाची. भाडेकरूने भिंतीत खिळा ठोकताना लाइनच फोडली असेल तर गोष्ट वेगळी. कोणी अकरा महिने राहिल्याने वॉटरप्रूफिंग जात नाही.

वरच्या फ्लॅटमधून येत असेल तर भाडेकरूने सोसायटीशी भांडत बसू नये. तो सोसायटीचा सभासद नाही, त्याच्या पत्राला कमिटी फार तर सहानुभूती देईल. सभासद मालक आहेत, तेव्हा सेक्रेटरीला पत्र त्यांनीच द्यायचं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत वाटणी बऱ्यापैकी स्पष्ट आहे: पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामायिक पाइपलाइन व ड्रेनेजची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची, फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती त्या त्या फ्लॅटधारकाने. थोडक्यात, वरच्या बाथरूममुळे खाली ओल आली तर खर्च वरच्या मालकाचा. वरही भाडेकरूच असेल तर एका डागासाठी दोन भाडेकरू, दोन मालक आणि एक सेक्रेटरी एवढी माणसं कामाला लागतात. पुण्यात पुष्कळ इमारती सोसायटी नसून १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालची अपार्टमेंट असतात. तिथे घोषणापत्र आणि त्यासोबतचे नियम बघावे लागतात.

वाकड, हिंजवडी, खराडीकडच्या नव्या इमारतींत मालकांच्या हातात आणखी एक गोष्ट असते, आणि ती पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणजे भाडेकरूने पाठवलेला फोटो हा मालकाच्या दृष्टीने बिल्डरविरुद्धचा पुरावा असतो. अशा मालकाने भाडेकरूवर चिडण्याऐवजी त्याच्याकडून आणखी चार फोटो मागवावेत.

खरं भांडण होतं ते वाफेवरून. घरात चालू वेंटिलेटर आहे आणि तुम्ही पारव्यांचा त्रास म्हणून त्यात थर्माकोल कोंबला असेल, अंघोळीनंतर दार लावून घेत असाल, वॉशिंग मशीनमधले कपडे बाथरूममधल्या दोरीवर दोन-दोन दिवस लोंबत असतील, तर ती बुरशी तुमची. फरशीच्या फटींतली, शॉवरखालची काळी रेघ हीसुद्धा रोजच्या साफसफाईची गोष्ट, त्यासाठी मालकाला फोन करू नये.

पण हवा बाहेर जायला वाटच नसेल तर भाडेकरू काय करणार? बाथरूमला बाहेरच्या हवेत किंवा डक्टमध्ये उघडणारी किमान ०.३ चौरस मीटरची, म्हणजे साधारण दोन फूट बाय दीड फुटाची खिडकी असावी असा बांधकामाचा सर्वसाधारण नियम आहे. प्रत्यक्षात काय होतं? मालक ड्राय बाल्कनी काचा लावून बंद करतात आणि तिला स्वयंपाकघरात घेतात. बाथरूमची खिडकी बाहेर उघडायची ती आता घरातच उघडते. नाहीतर डक्टमध्ये एसीची युनिटं आणि कबुतरांची जाळी एवढी भरलेली असते की वारा फिरकत नाही. अशा घरात "खिडकी उघडी ठेवा" या सल्ल्याला काही अर्थ उरत नाही.

माझं मत विचाराल तर तडजोड सोपी आहे. एक्झॉस्ट फॅन मालकाने बसवून द्यावा, तो वापरायची जबाबदारी आणि विजेचं बिल भाडेकरूचं. अंघोळ झाल्यावर वीस मिनिटं फॅन, दार किंचित उघडं, कारण आत हवा आलीच नाही तर फॅन बाहेर काय फेकणार? दरवर्षी रंग देण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. भाडेकरूने स्वतःहून भिंतीला किंवा काचेला भोक पाडून फॅन बसवू नये. भाडेकरारांमध्ये लेखी परवानगीशिवाय फेरफार करायचा नाही, अशी अट बहुतेक वेळा असतेच.

कायदा काय म्हणतो, आणि तो तुम्हाला लागू आहे का

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं कलम १४ भाडेकरूंच्या बाजूचं आहे. विरुद्ध करार झाला नसेल तर घर राहण्याजोगं ठेवायची जबाबदारी मालकाची. त्याने दुरुस्ती केली नाही तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरीही वाजवी वेळेत काम झालं नाही, तर भाडेकरू स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा एकच: एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. बिलं आणि पावत्या जपून ठेवायच्या, त्याच खर्चाचा पुरावा ठरतात.

वाचायला छान वाटतं, पण गंमत बघा. हे कलम नीट लागू पडतं ते कसबा, शनिवार, नारायण पेठेतल्या वाड्यांमधल्या जुन्या भाडेकरूंना. तिथे भाडं महिना २०० रुपये असेल तर वर्षाचे २,४०० आणि त्याचा चौथा हिस्सा ६००. एवढ्यात प्लंबर फक्त येऊन बघून जाईल. ज्यांचं भाडं महिना २२,००० आहे, ज्यांच्या चौथ्या हिश्शात अख्खं बाथरूम नवं होईल, ते बहुतेक सगळे कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नसतात. ते लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे परवानगीवर राहतात, आणि कलम १४ भाडेकरूसाठी आहे. म्हणून "आम्ही दुरुस्ती करून भाड्यातून कापून घेऊ" हे वाक्य लायसन्सवाल्याने मालकाच्या लेखी संमतीशिवाय टाकू नये. भाडं अडवलं की अटीचा भंग तुमच्याकडून झाला असं दिसतं आणि ओलीचा विषय बाजूला पडतो.

मग लायसन्सवाल्याला काय संरक्षण? थोडं आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात दोन कलमं आहेत, ५७ आणि ५८. राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला नसेल, तर मालकाने तो सांगायलाच हवा; आणि जागा धोकादायक होईल असं काही करायचं नाही. काळे ठिपके या व्याख्येत बसवणं कठीण. पण छताचं प्लास्टर सुटलं आहे किंवा ओल गीझरच्या स्विचपर्यंत पोहोचली आहे, आणि मालकाने ते माहीत असून सांगितलं नाही, तर ते नक्की बसतं. (स्विचजवळ भिंत ओली दिसली तर आधी त्या लाइनचा एमसीबी खाली पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. कोणाचा खर्च ते नंतर बघू.)

केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा काही जण तोंडावर फेकतात. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. तरी त्याच्या परिशिष्टातली वाटणी बोलणी करताना उपयोगी पडते: मूळ बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, पाइप बदलणं मालकाकडे, नळ आणि वायसर, ड्रेन साफ करणं, बेसिन, कमोड आणि गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे. दोन्ही बाजूंना पटेल अशी ती यादी आहे.

करार नोंदवलेला नसेल, नुसता नोटरी केलेला असेल, तर मालकांनी १९९९ च्याच कायद्याचं कलम ५५ वाचावं. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. वर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कोर्टाचा रस्ता आहे, पुण्यात लघुवाद न्यायालयही आहे. पण बाथरूमच्या डागासाठी अकरा महिन्यांच्या करारात कोणी तिथे जात नाही. लायसन्सवाल्याचं खरं शस्त्र म्हणजे करारातली एक महिन्याची नोटीस. फ्लॅट पावसाळ्यात महिनाभर रिकामा राहिला तर बुडणारं भाडं दुरुस्तीच्या खर्चाजवळ पोहोचतं, हे हिशोबी मालकाला न सांगताही कळतं. लॉक-इन (ठरावीक महिने घर सोडायचं नाही अशी अट) आहे का ते मात्र आधी तपासा.

लिहून कळवा, पण गोडीत

फोनवर सांगितलेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही. पहिला डाग दिसला त्याच आठवड्यात मेसेज जायला हवा, कारण तीन महिने गप्प राहून नंतर फुटलेली भिंत दाखवली तर मालक म्हणणारच, की तेव्हा का नाही सांगितलंत. मेसेज असा असावा:

"काका, नमस्कार. मोठ्या बाथरूमच्या छताला, कमोडच्या वरच्या बाजूला साधारण फूटभर ओल आली आहे. रंग फुगला आहे. सकाळी सातनंतर जास्त ओलं होतं. फॉइल लावून बघितलं, भिंतीकडची बाजू ओली निघाली. फोटो सोबत आहेत. वरच्या फ्लॅटची गळती वाटते. तुम्ही सेक्रेटरींना पत्र द्याल का? प्लंबर पाठवणार असाल तर शनिवार-रविवार आम्ही घरी आहोत."

यात आरोप नाही, निदान आहे, आणि मालकाने काय करायचं तेही आहे. उत्तर आलं नाही तर तोच मजकूर ईमेलने, आणि तरीही नाही तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने. मालक बघायला येतो म्हणाले तर त्यांना येऊ द्या. आधी कळवून पाहणी करायचा हक्क बहुतेक करारांत त्यांना दिलेला असतो.

दुरुस्ती होईपर्यंत साफसफाई करावीच लागेल. टाइलवर पातळ केलेलं ब्लीच चालतं, पण खिडकी उघडी, हातमोजे आणि मास्क घालून. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड एकत्र कधीही वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. कामाला येणाऱ्या मावशी कमोडमध्ये एक आणि फरशीवर दुसरं टाकतात, त्यांना हे आवर्जून सांगा. रंगवलेल्या भिंतीवर ब्लीचने फक्त वरचा काळेपणा जातो, पुट्टीत मुरलेली बुरशी तशीच राहते. कोरड्या ब्रशने तर घासूच नका, बीजाणू घरभर उडतात. डाग तीन फूट बाय तीन फुटांहून मोठा असेल तर स्वतः खरवडायला जाऊ नका.

मालकांसाठी: ऑगस्टमध्ये ओल्या भिंतीवर बुरशीरोधक रंग मारून घेऊ नका. दिवाळीपर्यंत त्याचे पोपडे निघतात आणि पैसे पाण्यात जातात. पावसाळ्यात आतल्या टाइलचे सांधे इपॉक्सीने भरता येतात, पाइप बदलता येतो. पुट्टी आणि रंग मात्र भिंत पूर्ण वाळल्यावर, म्हणजे बहुधा नोव्हेंबरनंतर.

राहिला डिपॉझिटचा प्रश्न. करारात जागा आहे त्या स्थितीत ठेवायची अट असते, पण नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली असते. गळतीने गेलेला रंग भाडेकरूने केलेलं नुकसान नाही. मात्र "घर सोडताना रंगकामाचे इतके पैसे कापले जातील" असं सही केलेल्या कागदावर असेल, तर बुरशी कोणाची याने काही फरक पडत नाही, ते पैसे जातात. ताबा घेताना बाथरूमचं छत, बेसिनखालची भिंत आणि बेडरूमची मागची बाजू यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकांना पाठवून ठेवा. अकरा महिन्यांनी तेवढेच कामाला येतात.

आणि नूतनीकरणाच्या वेळी एक अट वाढवून घ्या: "भिंतीतील व छतातील गळती, पाइपलाइन व वॉटरप्रूफिंगची दुरुस्ती मालक लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत सुरू करतील, तसे न झाल्यास राहणाऱ्याने केलेला वाजवी खर्च पावत्यांनुसार पुढील भाड्यातून वळता होईल. दैनंदिन साफसफाई व वायुवीजन राहणाऱ्याकडे राहील." कायद्याने लायसन्सवाल्याला जे थेट दिलं नाही, ते अशा दोन वाक्यांनी करारातून मिळतं. ऑनलाइन नोंदणीच्या मसुद्यात इतर अटींसाठी जागा असते. एजंट "सगळे करार सारखेच असतात" म्हणेल, तरी ही वाक्यं टाकून घ्या आणि मसुदा वाचूनच अंगठा लावा.